एक दिवस वाऱ्यासाठी

तीन कंपन्यांचे अंदाज मागवायचे असं ठरलं
आणि कुणाचंच नसलेल्या सगळ्या कामांसारखं
हेही माझ्या टेबलावर आलं.
बत्तीस वर्षं आमची कॉफीची दलाली
त्रिएस्तेच्या बंदरासमोर, तिसऱ्या मजल्यावर.
आता भाडं झेपत नाही, म्हणून
गोदामांच्या मागे, तळमजला, खिडकी एकच.

पहिला टॅबलेट घेऊन आला.
दृष्ट काढावी तसा तो भिंतींवरून ओवाळला
आणि अकराव्या मिनिटाला म्हणाला, बेचाळीस घनमीटर.
आमचं सगळं. बेचाळीस.
आणि नमुन्यांचे खण? मी विचारलं. तीनशे साठ आहेत,
प्रत्येकात मूठभर हिरवे दाणे,
सिदामो, सान्तोस, एकात नुसतीच चिठ्ठी.
खण नाही मोजत आम्ही, म्हणाला, कपाटं मोजतो.

दुसरा आलाच नाही. फोनवरच सगळ्यात स्वस्त.
कोशुता साहेबांना तो फार आवडला.
"न बघता इतकं कमी सांगतो, म्हणजे अनुभवी असणार."

तिसरी नीवेस गेर्बेत्स. साठीच्या पुढची,
सोबत भाचा, भाच्याच्या कानावर पेन्सिल.
जिना चढली, उतरली, पुन्हा चढली,
वळणावर विती मांडून कठडा मोजला.
चव घ्यायच्या गोल टेबलाखाली चक्क आडवी झाली
आणि खालून आवाज आला:
संगमरवर सुटा निघतो. चार स्क्रू. एक गंजलाय.
त्या टेबलाभोवती आमचं आयुष्य गेलं
फुरके मारण्यात आणि थुंकण्यात,
ते निघतं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग खिडकीशी गेली. "ही कुठं बघते?"
समुद्राकडे, मी म्हटलं.
"ते नाही. बोरा कुठून येतो?"

बोरा म्हणजे आमच्याकडचा वारा. पठारावरून उतरतो
आणि भल्याभल्यांना दिव्याच्या खांबाला मिठी मारायला लावतो.
तो असला की बाहेरून लावलेली लिफ्ट वर चढवत नाहीत.
म्हणून तिच्या कागदावर शेवटची ओळ होती:
वाऱ्याचा दिवस, एक. लागला नाही तर पैसे परत.

"हवेचे पैसे घेते ही बाई," साहेब म्हणाले.
मी भांडले नाही.
फक्त तिचा कागद गठ्ठ्यात सगळ्यात वर
ठेवत राहिले, तेरा दिवस.

स्टिकर आणले. हिरवं: न्यायचं. लाल: टाकायचं.
पिवळं: विचारायचं.
पिवळी तिसऱ्या दिवशीच संपली.

लिव्हियोच्या पितळी पिकदाणीला कुणी काहीच लावलं नाही.
कमरेएवढी उंच, डमरूसारखी.
लिव्हियो निवृत्त झाला नाही, मेलाही नाही,
मुलीकडे ग्रात्सला गेला तो तिकडचाच झाला.
त्याच्या जिभेवर आम्ही वीस वर्षं सौदे केले.

आणि ठरल्या दिवशी बोरा आला.
लिफ्ट रस्त्यात पाय पोटाशी घेऊन पडलेली.
आम्ही खोक्यांवर बसलो,
भाचा सतरंजीच्या गुंडाळीवर घोरत होता.
करायला काहीच नाही असा दिवस
या ऑफिसात कुणी पाहिला नव्हता.
दुपारी साहेबांनी स्वतः एकसष्ट नंबरच्या खोक्याची टेप फाडली,
कप काढले, कॉफी केली.
नीवेसनं एक घोट घेतला
आणि जगातली कॉफी विकणाऱ्या आम्हा सात जणांना सांगितलं,
"आंबट आहे."
कुणी बोललं नाही. होतीच.

दुसऱ्या दिवशी चारपर्यंत सगळं खाली.
गंजलेला स्क्रू पाकिटात घालून तिनं माझ्या हातात दिला.

नव्या जागेत पिकदाणी दाराशीच उभी दिसली,
कुठल्याच यादीत नसलेली.
कुठून पैदा केलेलं एक पिवळं स्टिकर तिच्यावर
आणि भाच्याच्या पेन्सिलीनं एकच शब्द: कुणाला?

ग्रात्सला पत्र लिहायचं राहूनच जातंय.
तूर्त तिच्यात छत्र्या ठेवतो.
बोरात त्यांचा काही उपयोग नसतो म्हणा.